एम.आर.आय. कक्षात जाण्यापूर्वी

शनिवार, दि. २७ जानेवारी २०१८ रोजी सायंकाळी मुंबईच्या नायर रुग्णालयात एका वृद्धेस एम.आर.आय. तपासणीसाठी नेण्यात आले. सोबतच्या ३२ वर्षीय नातेवाइकाच्या हाती प्राणवायूचा सिलिंडर होता. यंत्र बंद आहे असे कर्मचाऱ्याने सांगितल्यावरून तो आत गेला, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. यंत्राने सिलिंडरसह त्यास खेचून घेतले, गळणारा वायू त्याच्या शरीरात शिरला व तो दगावला. तो रुग्ण नव्हता, मदतीस आलेला होता.

त्यापूर्वी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघर येथील टाटा स्मारकाच्या केंद्रात दोन कर्मचारी असेच सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते.

'यंत्र बंद आहे' हा समजच घातक होय. आवाज थांबला म्हणजे तपासणी थांबली; चुंबक मात्र थांबत नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेल्या त्याच्या वेटोळ्यांतून वीज अहोरात्र वाहत असते. प्रचलित १.५ टेस्ला यंत्राचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते. शिवाय ही ओढ हळूहळू जाणवत नाही. दारापाशी सौम्य वाटणारी ओढ पुढच्या दोन पावलांत हाताच्या ताकदीबाहेर जाते.

घोडेगाव परिसरातील रुग्णास या तपासणीसाठी बहुधा नगर किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठविले जाते. नातेवाइकांनी काही गोष्टी घरीच पाहाव्यात. शनिशिंगणापूर जवळ असल्याने आपल्याकडे घोड्याच्या नालेची अंगठी अनेकांच्या बोटात असते. ती लोखंडाची असते, श्रद्धेने घातली असली तरी काढावीच लागते. साडीच्या पिना, केसांचे आकडे, कमरेची किल्ली, मोबाईल यांचेही तेच. मंगळसूत्राचे सोने चुंबकास चिकटत नाही, परंतु तापून त्वचा भाजू शकते. म्हणून संकोच न करता ते घरच्यांकडे द्यावे.

न दिसणारे धातू अधिक धोक्याचे. वेल्डिंग वा ग्राइंडरचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात पूर्वी कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तो हलून दृष्टी जाऊ शकते. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवरील जुनी क्लिप, कानातील श्रवणयंत्राचे रोपण हे सर्व आधी सांगावे. अस्थिभंगासाठी बसविलेली टायटॅनियमची पट्टी बहुधा अडचणीची नसते, पण तीही सांगावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास शिरेतून द्यावयाच्या औषधाबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे.

अनेक रोपणांबरोबर एक कार्ड मिळते. त्यावर बनावट व क्रमांक असतो, आणि तंत्रज्ञ त्यावरूनच तपासणी करावयाची की नाही हे ठरवितो. हे कार्ड व शस्त्रक्रियेचे जुने कागद घरच्या पेटीत राहिले, तर तपासणी पुढे ढकलली जाते आणि रुग्णास दुसऱ्यांदा नगरची फेरी करावी लागते.