बर्फावरचा झोका

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. एवढ्या थंडीतही येथे हिम पडले नाही. पण हिमावरचा एक खेळ समजून घेण्यासाठी आपल्याला हिमालयात जायला नको. बागेतला झोपाळा पुरेसा आहे.

स्नोबोर्ड म्हणजे एक रुंद फळी. खेळाडूचे दोन्ही पाय तिला पट्ट्यांनी जखडलेले असतात आणि हातात काठ्या नसतात. उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात या खेळाच्या विश्वचषक स्पर्धा देशोदेशी होतात. प्रत्येक स्पर्धेत पहिल्या खेळाडूला १००, दुसऱ्याला ८० व तिसऱ्याला ६० गुण मिळतात. हंगामाअखेर गुणांची बेरीज होते. १९९८ साली नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

यातला ‘हाफपाइप’ हा प्रकार पाहा. मोठा नळ उभा चिरून त्याचा अर्धा भाग उतारावर ठेवावा, तशी ही हिमाची खोबण असते. ऑलिंपिकमध्ये तिच्या भिंती सुमारे ६.७ मीटर उंच असतात. खेळाडू एका भिंतीवरून घसरत येतो, समोरच्या भिंतीवर चढतो आणि काठाच्याही वर उडतो.

समजा, तो काठाच्या ५ मीटर वर गेला. मग काठ सोडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असला पाहिजे. वर जायला एक सेकंद, खाली यायला एक सेकंद. सगळ्या कसरती या दोन सेकंदांत!

आता प्रश्न असा, की घर्षणाने आणि हवेच्या विरोधाने ऊर्जा सतत खर्च होत असताना उंची टिकते कशी? काही ऊर्जा खोबणीच्या उतारामुळे मिळते. उरलेली खेळाडू आपल्या पायांनी मिळवतो. सपाट तळावर तो गुडघे वाकवतो आणि भिंतीच्या वळणावर शरीर ताठ करतो. वळणावर शरीर जड भासते. त्या जडपणाविरुद्ध उठताना स्नायूंनी केलेले कार्य गतिज ऊर्जेत जमा होते. क्षणभर उशीर झाला, की उडी बुटकी पडते आणि फिरक्या पूर्ण होण्याआधीच जमीन येते.

जपानच्या आयुमु हिरानोने डिसेंबर २०२१ मध्ये तीन कोलांट्यांसह १४४० अंशांची, म्हणजे चार फिरक्यांची उडी स्पर्धेत प्रथमच साधली. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्या प्रयत्नात तो पडला. दुसऱ्यात ती उडी साधूनही तो ऑस्ट्रेलियाच्या स्कॉटी जेम्सच्या मागेच राहिला. तिसऱ्या, शेवटच्या प्रयत्नात ९६ गुण मिळवून त्याने सुवर्णपदक जिंकले.

आता करून पाहा. मजबूत झोपाळ्यावर दोऱ्या घट्ट धरून उभे राहा. मोठ्या माणसाला जवळ उभे करा. झोका टोकाला गेला, की खाली बसा. मधोमध येताच उठा. कोणी ढकलले नाही तरी झोका वाढत जाईल. मग उलट करा : टोकाला उठा आणि मधोमध बसा. काय होते? आणि का? उत्तर वर आलेच आहे. ते आपल्या शब्दांत वहीत लिहा.