ओझे आणि कणा

साहित्याच्या विद्यार्थ्याने कण्यावर लेख लिहिलेला पाहून आमचे प्राध्यापक भुवया उंचावतील. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो कंबरेने माझ्यावर लादला आहे.

मनीषनगरात आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि कूलर खिडकीबाहेरच्या लोखंडी चौकटीवर. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकला की त्याची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. मागच्या उन्हाळ्यात एके सकाळी उठल्याउठल्या मोरीतली भरली बादली वाकून उचलली, तिथल्या तिथे कंबरेतून वळलो, हात लांब करून ती कूलरच्या तोंडाशी नेली, आणि अशी कळ आली की बादली सुटून खोलीभर पाणी झाले. आई फोनवर म्हणाली, “उसन भरली असन तुले. एखाद्या पायाळू माणसाचा पाय लावून घे.” पायाळू काही सापडला नाही, डॉक्टर सापडले. त्यांनी गोळ्या दिल्या, अंथरुणाला खिळून न राहता जमेल तसे हिंडाफिरायला सांगितले आणि विचारले, “उचललंत कसं?” मला उत्तर देता येईना. पुढचे सारे त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना कळले.

कंबरेच्या भागात पाच मोठे मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत मऊ गर. आता शाळेतली तरफ आठवा. मणका हा टेकू. पाठ सावरून धरणारे स्नायू त्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर, आणि ओझे मात्र पुढे, हात नेतील तितक्या अंतरावर. पंधरा लिटरची बादली, म्हणजे पंधरा किलो, टेकूपासून पन्नास सेंटिमीटरवर धरली तर स्नायूंना दहापट, म्हणजे दीडशे किलोंएवढा जोर लावावा लागतो. तीच बादली पोटालगत, वीस सेंटिमीटरवर असली तर साठ किलो. बादली तीच, पाणी तेवढेच. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. या साऱ्याचा भार अखेर चकतीवर येतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाबमापक बसवून नोंदी घेतल्या आणि त्या १९९९ साली प्रसिद्ध केल्या. सरळ उभे असतानाचा दाब एक धरला, तर वीस किलो अंगाजवळ धरल्यावर तो सव्वादोनपट झाला. तेच वजन छातीपासून साठ सेंटिमीटर दूर नेताच साडेतीनपटीच्या वर गेला. पाठ गोल करून वाकून उचलताना साडेचारपटीहून जास्त, आणि गुडघे दुमडून नीट उचलताना सुमारे साडेतीनपट. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, तेव्हा आकड्यांना वेदवाक्य मानू नये. तरी वीस लिटरचा पाण्याचा जार जिन्याने वर नेणाऱ्यांनी ते एकदा डोळ्यांखालून घालावेत.

माझी चूक एक नव्हती, तीन होत्या. लांब धरलेले हात ही पहिली. दुसरी, पाय न हलवता कंबर पिळली. तिरप्या तंतूंना वाकणे आणि पीळ एकदम सोसत नाही. तिसरी ऐकून मला आश्चर्य वाटले, ती म्हणजे सकाळची वेळ. रात्रभर आडवे असताना चकत्या पाणी शोषून फुगतात (त्यामुळे सकाळी आपण सेंटिमीटरभर उंचही असतो), आणि त्या फुगीर अवस्थेत वाकणे त्यांना अधिक जड जाते. उठल्यावर तासभर तरी खाली वाकून जड उचलू नये.

बाकी पद्धत सोपी आहे. ओझ्याच्या अगदी जवळ जा, एक पाय थोडा पुढे टाका, गुडघे व खुबे दुमडा, अंगाशी धरून उठा, आणि वळायचे तर पावले टाकून वळा. आपल्या आयाबायांची चुंबळ याच नियमाची: डोक्यावरचा हंडा थेट कण्याच्या रेषेत येतो, तरफच उरत नाही. मात्र मानेवर दाब पडतोच. कमरेवरच्या कळशीने अंग एका बाजूला कलते; कावड त्याहून शहाणी.

पण इथे एक कबुली द्यायला हवी. ‘असे वाका, तसे उचला’ एवढ्याच शिकवणुकीने कामगारांची पाठदुखी कमी होते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. कमी करावे लागते ते वजन. मी बादली अर्धी भरून दोन फेऱ्या मारू शकतो. आमच्या जिन्याने सुमारे तीस किलोंचे भरलेले सिलिंडर खांद्यावरून आणणाऱ्या भाऊंना ते अर्धे करता येत नाही. हमालाला पोते निवडता येत नाही.

म्हणूनच हमालांची चळवळ हा मला आरोग्याचाही इतिहास वाटतो. पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा पंचावन्न किलो सांगितली होती. आपल्याकडे क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणारी माणसे होती. ते पन्नास किलोंवर आणा, ही हमालांची मागणी वर्षानुवर्षे चालली. कळमन्याच्या बाजारात आज पन्नास किलोंचे कट्टे दिसतात. तिथे एका वयस्क हमालकाकांना विचारले, तर म्हणाले, “फेऱ्या वाढल्या, पन रात्री कूस पालटता येते.”

तरीही पन्नास हा आकडा लहान नाही. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सारे काही अनुकूल असतानाही तेवीस किलोंपासून सुरुवात होते, आणि ओझे दूर असले, जमिनीवरून उचलायचे असले, वळावे लागले की त्यातून वजाबाकी.

जाता जाता: पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, जांघेत संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पायाळू शोधत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमच्या कूलरला आता मोरीच्या नळापासून नळी लावली आहे. ती सत्तर रुपयांची आहे.