उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीतून दोनदा भरावा लागतो

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. माळेगाव एमआयडीसीत कामाला जातात, भट्टीजवळ उभं राहायचं काम आहे. दोन-अडीच महिने झाले, त्यांना सारखी तहान लागते. उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीतून दोनदा भरावा लागतो आणि लघवीला चार-पाच वेळा उठतात. विचारलं तर म्हणतात, उन्हाळा आहे, तहान लागणारच. सासूबाई म्हणतात, रात्रीचं पाणीच देऊ नकोस, म्हणजे उठणं बंद होईल. परवा मोरीत मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, शुगर असेल. पण ते अंगाने सडपातळ आहेत, गोडाची आवड नाही, घरात कोणाला शुगरही नाही. तरी हे शुगरचं लक्षण असू शकतं का? आणि रात्रीचं पाणी कमी करावं का?
— एक वाचक भगिनी, सिन्नर

उत्तर : ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी सांगून टाकतो. हो, हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तपासणी एक दिवसही लांबवू नये असं मला वाटतं. रात्रीचं पाणी मात्र अजिबात तोडू नका. सासूबाईंचा सल्ला मायेपोटी आलेला आहे, पण त्यात गाडीच्या पुढे बैल असण्याऐवजी बैलांच्या पुढे गाडी आली आहे. तुमचे मिस्टर पाणी जास्त पितात म्हणून त्यांना लघवी जास्त होते, असं सासूबाईंना वाटतंय. मधुमेहात क्रम नेमका उलटा असतो. लघवीवाटे पाणी वाहून जातं आणि ते भरून काढायला शरीर तहान लावतं.

हे कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे घरच्यांना समजावताना तुम्हाला सोपं जाईल. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या गाळलेल्या पाण्यात साखरही असते. रक्तातली साखर १०० मिलिग्रॅमच्या आसपास असली, तर हिशेबाने दिवसाला १८० ग्रॅम साखर मूत्रपिंडात उतरते. निरोगी माणसात ती जवळजवळ सगळीच्या सगळी परत रक्तात ओढून घेतली जाते, पाण्याचाही बहुतांश भाग परत जातो आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. पण साखर परत ओढण्याला मर्यादा आहे. तुमच्या देवनदीवरचे बंधारे डोळ्यांपुढे आणा. पाणी सांडव्याच्या उंचीपर्यंत असतं तोवर थेंब बाहेर जात नाही, त्या उंचीच्या वर गेलं की वाहायला लागतं. रक्तातल्या साखरेचा हा सांडवा बहुतेकांमध्ये १८० मिलिग्रॅमच्या जवळपास असतो. साखर त्याच्या वर गेली की लघवीत उतरते, आणि साखर एकटी कधीच जात नाही, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वारंवार होते आणि दर वेळी भरपूर होते. त्यामुळे रक्त दाटतं, मेंदूतलं तहानेचं केंद्र जागं होतं, घशाला शोष पडतो, आणि माणूस मध्यरात्री अंधारात तांब्या चाचपतो. ही तहान त्यांना त्या घडीला वाचवते आहे. पाणी बंद केलं तरी साखर उतरतच राहील, लघवी होतच राहील आणि शरीर मात्र कोरडं पडत जाईल. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या माणसाला तर हे फार महागात पडू शकतं.

आता उन्हाळ्याचं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही, सिन्नरचा कोरडा उन्हाळा आणि वर भट्टीची धग, तहान लागणारच. पण उन्हाच्या तहानेची एक खूण असते. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंडं उरलेलं पाणी जपून ठेवतात, त्यामुळे लघवी कमी होते, गडद पिवळी होते, कधी जळजळते. उन्हाळी लागली म्हणतो ती हीच. भरपूर तहान आणि त्याबरोबर भरपूर, पाण्यासारखी फिकट लघवी, हे उन्हाचं लक्षण नाही. एक दिवस मोजून पाहायला हरकत नाही. लिटरच्या जुन्या बाटलीवर खुणा करून, तिचं तोंड कापून मोरीत ठेवा आणि सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दर वेळची लघवी मोजून वहीत लिहायला सांगा. दिवसभरात तीन लिटरच्या वर गेली तर ती नक्कीच जास्त आहे. रात्रपाळी असेल तर झोपेची वेळ कोणती होती तेही लिहा, कारण दिवसा झोपणाऱ्या माणसाची 'रात्र' वेगळी असते. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मात्र वही भरायची म्हणून रक्ततपासणी पुढे ढकलू नका.

लघवीला रात्री उठणं म्हणजे मधुमेहच, असंही नाही, आणि वहीचा उपयोग इथेच होतो. प्रत्येक वेळी थोडी थोडी होत असेल, धार बारीक असेल, सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर पन्नाशी-साठीच्या पुरुषांत प्रोस्टेटकडे बोट जातं. जळजळ आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्याच असतात, त्या संध्याकाळी घेतल्या की रात्र मोडते. पायांवर सूज असेल तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री बाहेर पडतं, तेव्हा हृदयाची तपासणी लागते. जोरजोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसालाही रात्री लघवी जास्त होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पण तुमच्या पत्रात तहान आणि लघवी जोडीने आली आहेत, दोन-अडीच महिने टिकली आहेत, म्हणून माझं लक्ष आधी साखरेकडे जातं. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती तपासून बघा. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय का? पँट कमरेत सैल झाली आहे का? लघवीवाटे १०० ग्रॅम साखर गेली की सुमारे ४०० कॅलरी गेल्या. जेवण नेहमीचं, किंवा जास्तच, तरी माणूस वाळत जातो. अशा वेळी गावात लोक 'बारीक झालास, बरं झालं' म्हणतात आणि आजाराचं कौतुक होऊन बसतं.

मुंग्यांबद्दल काकूंचं निरीक्षण फार जुनं आहे. प्रमेहाच्या वर्णनात चरकसंहितेने मूत्राकडे मुंग्या येत असल्याची नोंद केली आहे. युरोपात १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने मधुमेहींची लघवी आटवली तेव्हा तळाला साखरेसारखा पदार्थ उरला, तिथून या गोडीला प्रयोगाचा आधार मिळाला. तरी मुंग्यांवर निदान सोडू नका. मोरीत मुंग्या इतर कारणांनीही येतात, आणि मुंग्या नाहीत म्हणजे साखर नाही असंही होत नाही. सांडव्याचं उदाहरण पुन्हा आठवा. उपाशीपोटी साखर १२६ झाली की मधुमेह म्हणतात, आणि लघवीत ती उतरते १८० च्या पुढे. या दोन आकड्यांच्या मधे माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. ना तहान, ना मुंग्या, ना रात्रीचं उठणं, आणि आत डोळ्यांच्या पडद्याचं, मूत्रपिंडाचं, पायांच्या नसांचं नुकसान चालू. म्हणून तहान लागली की तपासू, हा विचारच उशिराचा आहे. ज्याला तहान लागली त्याने तर आजच तपासायला हवं.

'सडपातळ आहेत' हे वाक्य मला पत्रांतून आणि रुग्णांच्या तोंडून नेहमी भेटतं, आणि त्याच्यावर विसंबून लोक फार वेळ घालवतात. या प्रश्नावर जगाला शिकवणारं काम आपल्या पुण्यात झालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र तेवढी घटलेली नाही. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र आलं. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून दिसणारा बारीकपणा आतल्या चरबीबद्दल काही सांगत नाही, हे एका छायाचित्रात कळलं. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त कामाची आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की हातपाय काडीसारखे असले तरी सावध व्हावं.

घरात कोणाला शुगर नाही, हेही एकदा पडताळा. कोणी तपासली आहे आणि नाही निघाली, की कोणी तपासलीच नाही? आयसीएमआरच्या पाहणीत २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी अशी निघाली. गोड न खाण्याचाही आधार घेऊ नका. भाकरी, पोळी, भात यांचीही शेवटी साखरच होते. आणि तहान भागवायला रसवंतीवर थांबणं तूर्त बंद. उसाच्या रसाच्या पाव लिटरच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, बाटलीतलं थंड पेयही त्याच वाटेने जातं. तहान लागली म्हणून रस, रसाने साखर वाढली म्हणून लघवी, लघवीने पुन्हा तहान, असं चक्र काही दिवसांत माणसाला अत्यवस्थ करू शकतं. तहानेला साधं पाणी किंवा साखर न घातलेलं ताक द्या.

तपासणी अशी करा. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही न खाता-पिता, पाणी चालेल, सकाळी रक्त द्यायचं. त्याच वेळी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सांगा. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. अशी लक्षणं असताना कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात २०० किंवा जास्त साखर निघाली तरी निदान झालंच. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधी दोन दिवस जेवण कमी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मिस्टरांना कृपया तसं करू देऊ नका, नेहमीसारखं जेवू द्या. बोटाच्या थेंबावर यंत्राने बघणार असाल तर आधी हात धुवा. द्राक्षं हाताळलेल्या बोटावर साखर असते आणि आकडा खोटाच फुगतो. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवू शकते, तेही डॉक्टरांना सांगा.

खर्चाची काळजी असेल तर सांगतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणं हे सरकारी आरोग्य कार्यक्रमातलं कामच आहे. आशाताई तो फॉर्म भरतात, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. कारखान्यातून कामगार विम्याचं कार्ड मिळालं असेल तर तेही वापरा, त्यासाठी त्यांच्या पगारातूनही पैसे कापले जातात.

साखर निघालीच, तर घाबरून जाऊ नका आणि कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांवर महिनेही घालवू नका. औषध सुरू होऊन साखर सांडव्याच्या खाली आली की तहान आणि रात्रीचं उठणं बहुधा काही दिवसांतच उतरतं. साखर फार चढलेली असेल तर डॉक्टर सुरुवातीला इन्सुलिन देतात. ते जन्मभराचं असतंच असं नाही, पुष्कळांचं पुढे गोळ्यांवर भागतं. पहिल्याच वेळी डोळ्यांचा पडदा, पाय, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तपासून घ्यायचा आग्रह धरा. एक सूचनाही लक्षात ठेवा. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यांनी लघवी वाढते. ते औषधाचं काम आहे, मनाने गोळी बंद करू नये.

उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, गुंगी, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा. हे सगळ्या वाचकांना लहान मुलांबद्दल जास्तच आवर्जून सांगतो. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, शाळेतून आल्या आल्या घटाघटा पाणी पिऊ लागलं, वाळू लागलं, तर रागावू नका, त्याच दिवशी साखर तपासा. मुलांमधला मधुमेह दिवसांच्या हिशेबाने चढतो.

ताई, आज रात्री तांब्या भरूनच ठेवा. उद्या सकाळी त्यांना चहा न देता तपासणीला घेऊन जा, आणि तुमचंही रक्त त्याच वेळी द्या.