इलेक्ट्रॉन गनला एवढी थंडी कशाला?

प्रश्न : जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधली तार तापली की इलेक्ट्रॉन निघत, असं आम्ही शाळेत शिकलो. मग कणत्वरकांच्या नव्या इलेक्ट्रॉन गन उणे २७१ अंशांपर्यंत गार का करतात? गारठलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन निघतात तरी कसे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. इथं इलेक्ट्रॉन उष्णतेनं नव्हे, प्रकाशानं बाहेर काढतात. कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पृष्ठभागावर, लेसर पडला की फोटॉनची ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन निसटतात. लेसरचा ठोका काही पिकोसेकंदांचा, म्हणून इलेक्ट्रॉनांचा पुंजकाही तेवढाच आखूड. तापलेल्या तारेला असा नेमका ठोका साधत नाही.

आणि गार करतात ती मुख्यतः कॅथोडभोवतीची पोकळी. पुंजक्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. ते पांगण्याआधीच त्यांना प्रकाशाच्या वेगाजवळ न्यायचं, तर जन्मताच जबरदस्त विद्युत क्षेत्र मिळायला हवं. ते पोकळीत रेडिओलहरी भरून मिळवतात. तांब्याच्या भिंती यात फार तापतात, म्हणून जोरदार क्षेत्राच्या तांब्याच्या गन थांबून थांबून चालवाव्या लागतात. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसर यंत्रात पुंजक्यांची माळ सेकंदाला १० वेळाच सुटते. निओबियम मात्र ९.२ केल्व्हिनखाली अतिसंवाहक होतं. द्रव हेलियमनं ते २ केल्व्हिनवर ठेवलं की भिंतीत वाया जाणारी ऊर्जा इतकी घटते, की झोत अखंड चालवता येतो. हेलियम गार ठेवायला वीज भरपूर लागते, तरी हिशेब परवडतो.

खरी अडचण कॅथोडची, आणि तिच्याशी झुंजणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. निओबियमची पोकळी आतून कमालीची स्वच्छ लागते. तिच्यातच सिझियम टेलुराइडसारखा नाजूक लेप बसवायचा! त्याचा एखादा कण उडून भिंतीवर बसला, तर तिथून नको असलेले इलेक्ट्रॉन सुटू लागतात. शिवाय लेसरनं कॅथोड तापतो, ती उष्णता निओबियमपर्यंत पोचता कामा नये. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फ संशोधन केंद्रात यावर उपाय निघाला : कॅथोड पोकळीला टेकवायचाच नाही. तो द्रव नायट्रोजननं गार होतो, पोकळी हेलियमनं, आणि मधे निर्वात अरुंद फट. फटीतून रेडिओलहरी निसटू नयेत म्हणून मागे त्यांना अडवणारा कप्पा. तिथल्या साडेतीन कप्प्यांच्या पोकळीतून पहिला झोत निघाला २००७ मध्ये. अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या गनमध्ये तर कॅथोड खोलीच्या तापमानालाच असतो. म्हणजे ‘गारठलेल्या धातूतून’ ही तुमची शंका तिथं उरतच नाही.

कॅलिफोर्नियातलं एलसीएलएस-२ हे क्ष-किरण लेसर यंत्र आज कमी वारंवारतेच्या तांब्याच्या गनवर अखंड चालतं. त्याच्या झोताची ऊर्जा ८ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेताना निओबियमची गन विकसित होते आहे. कॅथोडपाशी मीटरमागे ३ कोटी व्होल्ट, हे तिचं लक्ष्य.

अतिसंवाहक पोकळ्या आपल्याकडेही आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्वरकात तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळ्या द्रव हेलियमनं गार करतात. पण त्यांतून इलेक्ट्रॉन नव्हे, जड आयन धावतात.