लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

तुलसी नगरमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी नीट परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय भरण्याचा हट्ट धरला. तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचे होते. वडील सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न सरळ होता : "डॉक्टरसाहेब, लहान मुलांवरच उपचार करायचे तर फौजेत कशाला जायचे? तिथे मुले असतात कुठे?"

प्रश्न भाबडा वाटला, तरी आपल्यापैकी अनेकांच्या मनात तोच असतो. सैनिकी वैद्यक म्हटले की डोळ्यांसमोर येतात गोळीने जखमी झालेला जवान, तंबूतील शस्त्रक्रिया, बर्फाने काळी पडलेली बोटे. परंतु जवानाला पत्नी असते, मुले असतात, आणि त्या मुलांनाही गोवर, दमा, अपस्मार आणि मूत्रपिंडाचे विकार होतात. त्या गृहस्थांना उत्तर देताना मी ज्यांचे नाव सांगितले, त्या लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांच्या कारकिर्दीविषयी या लेखात काही लिहावे असे योजले आहे. हे चरित्र नव्हे. माझ्याच शाखेतील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या कामातून मला जे उमगले, तेवढेच येथे मांडतो.

ज्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले त्याची स्थापना डॉ. बिधानचंद्र रॉय समितीच्या शिफारशीनुसार १९४८ मध्ये झाली. पदवी अभ्यासक्रम मात्र १९६२ मध्ये, म्हणजे चीनशी युद्ध झाले त्याच वर्षी सुरू झाला. तेथे मुलींसाठी जागा नेहमीच मोजक्या राहिल्या. अनेक वर्षे १५० पैकी अवघ्या ३० जागा मुलींच्या वाट्याला येत. डॉ. कानिटकर (जन्म १९६०) तेथून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून उत्तीर्ण झाल्या आणि १९८२ मध्ये आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झाल्या. पुढे त्यांनी बालरोगशास्त्रात एम.डी. केले आणि नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालकांच्या मूत्रपिंडविकारांचे विशेष प्रशिक्षण घेतले. सेनादलातील या विषयाच्या त्या पहिल्या प्रशिक्षित तज्ज्ञ मानल्या जातात.

या विषयाच्या निवडीपाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण त्यांच्या पुढील कामाची किल्ली मला तेथेच सापडते.

बालमूत्रपिंडविकारांत आम्हांला सर्वांत अधिक वेळा भेटतो तो नेफ्रॉटिक सिंड्रोम. दोन ते सहा वर्षांचे मूल सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठते. घरच्यांना वाटते डास चावला, किंवा ॲलर्जी झाली. काही दिवसांत पोट व पाय सुजतात, लघवीला फेस येतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातील प्रथिने वाहून जात असतात. सुदैवाने दहापैकी आठांहून अधिक मुलांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गुण येतो. पहिल्या वेळी प्रतिकिलो २ मिलिग्रॅम, कमाल ६० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे रोज. त्यानंतर प्रतिकिलो १.५ मिलिग्रॅम, कमाल ४० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे दिवसाआड. येथवर काम सोपे आहे. पण निम्म्याहून अधिक मुलांत हा आजार उलटतो. काहींत तर वर्षातून तीन-चार वेळा. उलटलेल्या आजाराचा उपचार निराळा आणि आखूड असतो : सलग तीन दिवस लघवी प्रथिनमुक्त होईपर्यंत रोजची मात्रा आणि मग केवळ चार आठवडे दिवसाआड. म्हणून समोरच्या मुलाची ही पहिली वेळ की चौथी, मागच्या वेळी कोणत्या मात्रेवर असताना आजार उलटला, हे ठाऊक असल्याशिवाय पुढची गोळी लिहिता येत नाही. या आजारात खरे औषध जितके गोळीत असते, तितकेच नोंदीत असते.

आता सैनिकाच्या घराचा विचार करा. दर दोन-तीन वर्षांनी बदली. आज पुणे, उद्या जम्मू, परवा एखादी ईशान्येकडील छावणी. मूल बदलीवर, आणि त्याचा डॉक्टरही बदलीवर! अशा स्थितीत पाच-सात वर्षे चालणाऱ्या आजाराचा पाठपुरावा करायचा म्हणजे तो एका डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर सोडून चालत नाही. त्याची व्यवस्था लावावी लागते. डॉ. कानिटकर यांनी पुणे व दिल्ली येथील सैनिकी रुग्णालयांत बालमूत्रपिंडविकारांची सेवा उभी करण्याचे काम केले. पदोन्नतीच्या बातम्यांत या कामाला एखादी ओळ मिळते. बालरोगतज्ज्ञाला मात्र त्या ओळीमागचे कष्ट दिसतात.

मला ते दिसतात याला एक कारण आहे, आणि ते माझ्या चुकीशी निगडित आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी येथील सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या चार वर्षांच्या मुलावर मी या आजाराचे उपचार केले. मूल बरे झाले. पुढे वडिलांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. निघताना त्यांनी विचारले, "कागद काही न्यायचे का?" मी घाईत होतो, औषधाची एक चिठ्ठी लिहून दिली. दोन वर्षांनी ते मूल परत माझ्यासमोर आले तेव्हा चेहरा गोल गरगरीत झालेला, उंची जवळजवळ तेवढीच, आणि नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदूची सुरुवात सांगितलेली. मधल्या काळात आजार तीन वेळा उलटला होता आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या ठिकाणी तो पहिलाच समजून बारा आठवड्यांचा पूर्ण उपचार झाला होता. त्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्यासमोर मागचा एकही कागद नव्हता. तो देण्याचे काम माझे होते.

त्यानंतर काही महिन्यांतच बैरागढच्या छावणीतून एक फौजी कुटुंब दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे आले. आजार तोच. मुलीच्या आईने पिशवीतून एक जाड वही काढली. चार वर्षे, तीन गावे. रोज सकाळच्या लघवीची नोंद, गोळीची मात्रा, वजन, कोणत्या दिवशी ताप आला, न्यूमोकॉकसची लस केव्हा टोचली. पाचवी-सहावीपर्यंत शिकलेली ती माउली परीक्षानळीत लघवी घेऊन त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून गढूळपणा ओळखत असे. मी ती वही बराच वेळ चाळत बसलो.

डॉ. कानिटकर यांच्या पुढील पदांकडे मी या वहीच्या बाजूने पाहतो. पुण्याच्या आपल्याच महाविद्यालयाच्या त्या अधिष्ठाता झाल्या. त्यानंतर मेजर जनरल या नात्याने उधमपूर येथे उत्तर विभागाच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला आणि एकात्मिक संरक्षण विभागात वैद्यकीय उपप्रमुखपद त्यांनी स्वीकारले. भारतीय सेनादलांत तीन तारकांच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांच्याआधीच्या व्हाइस ॲडमिरल पुनिता अरोरा व एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय याही डॉक्टरच होत्या. हा योगायोग नव्हे. लढाऊ नसलेल्या अन्य शाखांतील महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे या पदोन्नतीच्या अवघे बारा दिवस आधी. वैद्यकीय शाखेचे दार मात्र स्त्रियांसाठी कितीतरी आधी उघडलेले होते. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त झाले. दोघांच्या नेमणुका बहुतांश काळ वेगवेगळ्या गावी असत, हे वाचून आपल्यातील डॉक्टर दांपत्यांनी आपल्या तक्रारी क्षणभर बाजूला ठेवाव्यात!

त्यांचे नवे पद भूदल, नौदल व वायुदल यांच्या वैद्यकीय सेवांत मेळ घालण्याचे होते, आणि ते हाती घेताच कोविडची साथ आली. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आधीच्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या सैनिकी डॉक्टरांना पुन्हा कामावर बोलावण्यात आले, विमानांतून प्राणवायूच्या रिकाम्या टाक्या वाहून नेल्या गेल्या, तिन्ही दलांचे मनुष्यबळ नागरी रुग्णांसाठी वळवावे लागले. कोणता डॉक्टर कोठे आहे, कोठे किती खाटा आहेत, कोण कोणाला कळवणार, ही माहिती हाती नसेल तर अशा वेळी हुद्दा कितीही मोठा असला तरी कामाला येत नाही.

जुलै २०२१ मध्ये त्यांची नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नियुक्ती झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी त्यांचे स्वतःचे पुण्याचे महाविद्यालयही संलग्न. २०२२ मध्ये त्यांना परम विशिष्ट सेवा पदक प्रदान झाले. याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदी पूर्वी डॉ. मृदुला फडके होत्या, त्याही बालरोगतज्ज्ञ. आणि मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख या बालशल्यचिकित्सक. मुलांच्या डॉक्टरांना खुर्चीची हाव असते असे यातून कोणी समजू नये. स्वतःची तक्रार सांगू न शकणारा रुग्ण सांभाळता सांभाळता, आईचे बोलणे निमूटपणे ऐकून घेण्याची आम्हांला सवय लागते, आणि प्रशासनात ती दुर्मिळ असावी. एक खंतही नोंदवतो : उत्तम चिकित्सक कार्यालयात गेला की त्याची बाह्यरुग्ण खोली ओस पडते, आणि तेथे बसणारे पुढचे माणूस तयार व्हायला दहा वर्षे लागतात. ही किंमत आपण मोजतो, पण बोलून दाखवत नाही.

त्या गृहस्थांना मी यातील निम्मेच सांगू शकलो. मुलीने पर्याय भरला. वडील अजून पुरते राजी नाहीत.

माझ्या दवाखान्यात मात्र नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाला आता पहिल्याच दिवशी शंभर पानी वही मिळते. पहिल्या पानावर पहिल्या आजाराची तारीख व उपचार संपल्याची तारीख. त्याखाली प्रत्येक वेळी आजार उलटल्याची तारीख आणि त्या वेळी चालू असलेली मात्रा. डावीकडे उंची, वजन व रक्तदाब, उजवीकडे डोळ्यांची तपासणी व लसी. सलग तीन दिवस तीन 'प्लस' दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाण्याची सूचना मराठीत व हिंदीत, ठळक अक्षरांत. वही पालकांकडेच राहते, आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधण्याआधी ती माझ्याकडून एकदा तपासून न्यायची असते.