तीन सामन्यांत बचावपटू ओळखता येतो का?

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र शनिवार-रविवारी प्रीमियर लीगचे सामने एकत्र बसून पाहतो. सगळेच आर्सेनलचे चाहते. संघात नवा तरुण बचावपटू आला, की दोन-तीन सामन्यांतच आमच्यात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘हा उद्याचा कर्णधार’. दुसरा म्हणतो, ‘पैसे पाण्यात गेले’. आघाडीच्या खेळाडूचं सोपं असतं, त्याचे गोल मोजता येतात. बचावपटू चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचं? आणि त्यासाठी किती सामने पाहायचे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडताना पाहत जी मंडळी लहानाची मोठी झाली, त्यांना फुटबॉल कळत नाही असं कोण म्हणेल? म्हणूनच तुमचा प्रश्न मोलाचा आहे. खेळ चांगला कळणारी माणसं एकाच खेळाडूबद्दल इतकी उलटसुलट मतं कशी काय बनवतात, हे खरं कोडं आहे.

याचं मूळ बचावपटूच्या कामाच्या स्वरूपातच आहे. आघाडीपटूचं यश म्हणजे काहीतरी घडणं, तर बचावपटूचं यश म्हणजे काहीतरी न घडणं. जो पास प्रतिस्पर्ध्याने दिलाच नाही, कारण वाट आधीच बंद झाली होती, तो ना गुणफलकावर दिसतो, ना हायलाइट्समध्ये. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचं असंच असतं. दिवसभर त्याने सफाईने अडवलेले चेंडू कुणाला आठवत नाहीत, सुटलेला एक झेल मात्र संध्याकाळपर्यंत चघळला जातो. मग पहिल्या तीन सामन्यांत प्रेक्षकाच्या हाती काय लागतं? एखादी चूक आणि एखादं नेत्रदीपक टॅकल. एवढ्यावरच एक तट चुकीला धरून बसतो आणि दुसरा टॅकलला.

चूक तरी नेमकी कुणाची असते? एखादा गोल मागे मागे जात पाहा. उजव्या बगलेवरच्या खेळाडूने चेंडू गमावला. त्याच्या मागचा फुलबॅक हल्ल्यात सामील व्हायला पुढे गेलेला होता. त्याची रिकामी जागा भरायला मधल्या फळीतलं कुणी आलं नाही. आता मध्यभागी उभ्या असलेल्या आपल्या तरुण बचावपटूसमोर एकाच वेळी दोन माणसं आहेत. चेंडूवाल्याकडे धावावं तर दुसरा मोकळा राहतो, दुसऱ्याला धरावं तर चेंडूवाला थेट गोलपर्यंत जातो. तो काहीही निवडो, अर्धा डाव आधीच हरलेला असतो. टीव्हीवरचा रीप्ले मात्र शेवटच्या दोन-तीन सेकंदांचा असतो आणि त्यात एकटा तोच दिसतो. गोल कुणामुळे झाला हे ठरवायचं असेल, तर चेंडू कुठे गमावला गेला तिथून पाहायला सुरुवात करावी लागते. बहुतेक वेळा दोष तीन-चार जणांत वाटला जातो.

दुसरा गैरसमज टॅकलचा. जास्त टॅकल करणारा तो चांगला बचावपटू, असं सर्रास मानलं जातं. आडवं पडून चेंडू काढून घेणं डोळ्यांना सुखावतं खरं, पण पुष्कळदा ती वेळ येते कारण खेळाडू दोन पावलं चुकीच्या जागी उभा होता. जो योग्य जागी असतो त्याचे कपडे कमी मळतात. उंची आणि ताकद यांचंही तसंच. त्या उपयोगी पडतात, पण चेंडू कुठे येणार हे आधी ओळखणाऱ्यापुढे त्यांचं महत्त्व दुय्यम ठरतं.

तुम्ही आर्सेनलवाले आहात, तर विल्यम सलिबाचं उदाहरण घेऊ. जुलै 2019 मध्ये सेंत एत्येनकडून सुमारे 2 कोटी 70 लाख पौंडांना आर्सेनलने त्याला घेतलं, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. पहिलं वर्ष तो तिथेच लोनवर खेळला. 2020 मध्ये लंडनला आला, तर प्रशिक्षक मिकेल आर्तेताने त्याला मुख्य संघातून खेळवलंच नाही. युरोपा लीगच्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये तो नीसला लोनवर गेला आणि नंतरच्या हंगामात मार्सेयला. आर्सेनलकडून एकही सामना न खेळता तीन वर्षं गेली, तेव्हा ‘हा काही आता खेळत नाही’ असं मत पक्कं झालेले चाहते होते, आणि ‘याला उगाच डावललं’ म्हणणारेही होते. गंमत म्हणजे दोन्ही तटांनी आर्सेनलच्या जर्सीत त्याला एकदाही पुरता पारखलेला नव्हता.

लोनवर पाठवलं म्हणजे नाकारलं, हा समजही इथेच तपासून घेऊ. विशीच्या आतबाहेरच्या बचावपटूला सगळ्यात जास्त गरज असते ती सलग सामन्यांची. सरावात प्रतिस्पर्धी ओळखीचे असतात आणि चुकीची किंमत मोजावी लागत नाही. मार्सेयकडून सलिबाने एका हंगामात 50 हून अधिक सामने खेळले, फ्रान्सच्या लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला आणि मार्च 2022 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातही आला.

त्यामुळे 5 ऑगस्ट 2022 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याने आर्सेनलसाठी पदार्पण केलं, तेव्हा दिसलेली शांतता एका रात्रीतली नव्हती. आर्सेनलने तो सामना 2-0 जिंकला आणि लगेच स्तुतीचा पूर आला. आठवडाभराने, 13 ऑगस्टला, घरच्या मैदानावर लेस्टरविरुद्ध त्याच्याच डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. पुढे जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीत फार महत्त्वाचं वाटतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली नाही. त्यांनी त्याच्या नावाचा गजर केला. आर्सेनल 4-2 ने जिंकलं. पुढच्याच शनिवारी बोर्नमथविरुद्ध त्याने डाव्या पायाने अप्रतिम गोल केला. तीन सामन्यांत स्तुती, स्वयंगोल आणि गोल! यातल्या कुठल्याही एका सामन्यावरून मत बनवलं असतं तर ते चुकलं असतं. बचावपटू म्हणून त्याची खरी ओळख पटली ती 2023-24 मध्ये. प्रीमियर लीगचे सर्व 38 सामने तो मिनिटभरही न चुकवता खेळला आणि आर्सेनलने त्या हंगामात लीगमधले सर्वांत कमी, म्हणजे 29 गोल खाल्ले.

उलट बाजूचं उदाहरण जेरार्ड पिकेचं. नोव्हेंबर 2007 मध्ये बोल्टनविरुद्ध मँचेस्टर युनायटेडकडून खेळताना या 20 वर्षांच्या मुलाचा अंदाज चुकला, निकोला अनेल्काने गोल केला आणि युनायटेड 1-0 ने हरलं. त्यानंतर पिकेला संधी क्वचितच मिळाली. अर्थात ते केवळ एका चुकीमुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण त्याच्यापुढे फर्डिनंड आणि विदिच ही जोडी भक्कम उभी होती. 2008 च्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला परतला. 27 मे 2009 ला रोममध्ये बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडलाच 2-0 ने हरवलं, तेव्हा पिके बार्सिलोनाच्या बचावफळीत होता.

झोकात झालेली सुरुवातही अशीच फसवी असू शकते. नवा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना अपरिचित असतो. काही महिन्यांनी त्याच्या चित्रफिती अभ्यासल्या जातात, कमजोर पाय कुठला हे कळतं आणि त्याला मुद्दाम त्याच बाजूला वळायला भाग पाडलं जातं. त्यावर तो उत्तर शोधतो का, हे दुसऱ्या सहामाहीत समजतं.

मग किती सामने? माझं मत विचाराल तर किमान एक पूर्ण हंगाम, आणि त्यातही बाजूचा जोडीदार बदलल्यावर तो कसा खेळतो हे पाहिल्याशिवाय नाही. कधी कधी तर तेवढंही पुरत नाही. टोनी ॲडम्सने नोव्हेंबर 1983 मध्ये 17 व्या वर्षी आर्सेनलकडून पदार्पण केलं, तो सामना संघ संडरलँडकडून घरीच 2-1 ने हरला. पुढे कित्येक वर्षं प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक त्याला गाढव म्हणून चिडवत, ओरडून ओरडून. तो 669 सामने खेळला, कर्णधार म्हणून चार लीग विजेतेपदं जिंकला, आणि आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

तोवर काही पाहायचंच नाही असं मात्र नाही. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं चेंडूवरची नजर काढा आणि फक्त त्या मुलाकडे पाहा. चेंडू दूर असताना तो मान वळवून आजूबाजूचा अंदाज घेतो का? जोडीदारापासूनचं अंतर सांभाळतो का? पास मिळण्याआधी शरीर मैदानाकडे वळलेलं असतं, की आपल्याच गोलकडे? सगळ्यात महत्त्वाचं, चूक झाल्यावर पुढचा चेंडू तो मागतो की टाळतो? ही दहा मिनिटं तुमच्या दोन्ही तटांनी मिळून पाहा, आणि एकमत झालंच तर आम्हाला जरूर कळवा.