कापूरहोळची धाराऊ आणि आमची एक्सेल शीट (गीता ३.११ ते १३)



आज तिसऱ्या अध्यायातले तीन श्लोक, ११ ते १३. काल दहाव्यात आपण बघितलं की प्रजापतीने प्रजा निर्माण केली ती यज्ञासकट, आणि सांगितलं की तुमची वाढ यानेच होईल. आज त्याचा पुढचा भाग. तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील, असं एकमेकांना सांभाळत दोघांचंही भलं होईल. बारावा श्लोक एकदम कडक आहे: मिळालेलं परत न देता जो नुसता उपभोगतो तो चोर. आणि तेरावा थेट स्वयंपाकघरात शिरतो. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात.

मला बरीच वर्षं हे श्लोक होमहवनाचे वाटायचे. म्हणजे आपल्या कामाचे नाहीत, पुढे चला. पण ज्ञानेश्वर माउली इथे यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावतात, आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य. आणि जुने भाष्यकार तेराव्या श्लोकापाशी गृहस्थाच्या घरातल्या पाच जागा सांगतात: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी रोज नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करायचे. देव, ऋषी, पितर, माणसं आणि मुके जीव, सगळ्यांचं देणं त्यात आलं. घराची यादी करताना शास्त्रकार केरसुणी विसरले नाहीत बघा. मी विसरलो होतो.

आमची मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपून ती पुन्हा ऑफिसला जायला लागली होती. दोघंही आयटीत, धायरीत फ्लॅट, दिवसभर मुलीला सांभाळायला एक ताई. रोज रात्री अकराला भांडण ठरलेलं, आणि विषय एकच: कोण जास्त करतं. मी इंजिनिअर माणूस, मी उपाय शोधला. एक्सेल शीट. काम, कोणी केलं, किती मिनिटं. महिन्याच्या शेवटी बेरीज ४८ विरुद्ध ५२ टक्के आली आणि मी ती अभिमानाने दाखवली. बायकोने मोबाईल बाजूला ठेवला आणि विचारलं, "लसीची तारीख लक्षात ठेवायची, ताई उद्या येणार नाही हे आज ओळखायचं, सिलेंडर कधी संपेल याचा अंदाज ठेवायचा, हे कुठल्या रकान्यात आहे?" नव्हतंच कुठे. केरसुणी विसरणारा तो मीच.

शीटमध्ये अजून एक रकाना होता, सांगायला लाज वाटते. माझं गाव वेल्ह्यात (आता कागदोपत्री राजगड तालुका, पण तोंडात वेल्हेच आहे), तोरण्याच्या पायथ्याला. बायकोचं माहेर भोर. सातारा रोडने निघालं की चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं तर वेल्हे, सरळ कापूरहोळपर्यंत गेलं आणि मग उजवीकडे वळलं तर भोर. म्हणजे दर शनिवारी चेलाडी फाटा आला की गाडीत शांतता. कुणाच्या घरी किती वेळा गेलो याचाही मी हिशेब ठेवला होता.

जुलैमधला एक शनिवार. आधी भोरला जायचं, तिथे मुक्काम, रविवारी आमच्याकडे भातलावणीला, असं ठरलं. कापूरहोळला चहाला थांबलो. पाऊस मजबूत होता, मुलगी मागे झोपलेली. बायको बाहेर बघत म्हणाली, "हे धाराऊचं गाव ना?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरचा. बाळंतपणानंतर सईबाईंची तब्येत ढासळली, बाळाला दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली, असं सांगतात. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर गेल्या, पोर तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचं. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याला पाल खुर्दमध्ये आहे. आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. मधे फक्त दोन महिने. आपण प्रतापगड शाळेत पाठ करतो, पण त्या दोन महिन्यांत त्या लेकराला रोज कोण जेवू घालत होतं, कुणाच्या कुशीत ते झोपत होतं, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. जिजाऊ होत्या, धाराऊ होती. घर उभं राहिलं ते नवरा-बायको दोघांच्या जोरावर नाही. दोघांतलं एक तर उरलंच नव्हतं.

बायको पुढे बोलली ते मात्र इतिहासाबद्दल नव्हतं. आमची मुलगी झाली तेव्हा हिला ताप होता आणि दूध कमी येत होतं. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. माझी आई तेव्हा सहज म्हणाली होती, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मी खोलीतच होतो. ऐकलं, आणि डब्यावरच्या सूचना वाचत बसलो.

"राणीला दुधासाठी माणूस लागलं," बायको म्हणाली, "तेव्हा नाही कोणी म्हटलं की आमच्या वेळी असलं नव्हतं. तू त्या दिवशी गप्प बसलास. ते किती मिनिटांचं काम होतं?"

मला काहीच बोलता आलं नाही. चहा गार झाला. (तरी पैसे देताना मी मनातल्या मनात हिशेब केलाच, सवय जात नाही.)

रविवारी लावणी. आमच्याकडे अजून इर्जिक होते, पूर्वीइतकी नाही पण होते. गावातली माणसं तुमच्या खाचरात येतात, मजुरी घेत नाहीत, तुम्ही जेवण घालायचं आणि त्यांच्या लावणीला जायचं. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. गुडघाभर चिखलात इंद्रायणीची रोपं लावताना मी त्यांना विचारलं, "नाना, कोण कोणाकडे किती वेळा गेलं हे लिहून ठेवता का कुठे?" ते हसले. म्हणाले, "लिहायचं कशाला? जो जेवून जातो आन येत नाही, तो गावाला ठावा असतो." मंडळी, बारावा श्लोक मला याहून सोपा करून कोणी सांगितलेला नाही. हिशेब नसतो असं नाही. तो असतोच, पण मिनिटांचा नसतो. आपण नुसतं घेतोय की आपल्याकडूनही काही जातंय, एवढाच असतो.

बांधावर जेवताना बायकोने हळूच विचारलं, "ताईचे चार दिवस कापलेस ना तू?" आमची ताईही याच भागातली. गेल्याच आठवड्यात ती लावणीसाठी गावी गेली होती, आणि मी त्या चार दिवसांचे पैसे पगारातून वजा केले होते. "तू लावणीला आलायस, उद्याची तुझी रजा पगारी. ती लावणीला गेली, तिची बिनपगारी." ताईचा मुलगा पाच वर्षांचा आहे. ती आमच्या मुलीला भरवते तेव्हा त्याला शेजारीण भरवते. धाराऊची गोष्ट सांगताना आपण तिच्या त्यागाचं कौतुक करतो, पण तिच्या घरी तेव्हा कोण होतं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. चोर हा शब्द गीतेने उगाच वापरलेला नाही.

रात्री आई चुलीपाशी एकटी होती तेव्हा मी विषय काढला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. बायकोची बाजू घेतली तर आईला लागणार, आईला सांभाळलं तर पुन्हा तेच गप्प बसणं. शेवटी बाजू कुणाचीच घेतली नाही, फक्त झालं ते सांगितलं: "आई, तू ते म्हणालीस तेव्हा ती रडली होती, आणि मी काही बोललो नाही. चूक माझी आहे. पण तुला माहीत असावं." तुमच्या घरातही असं काही अडकलेलं असेल तर एवढंच सुचवतो, ते दोघींच्या समोर काढू नका. आधी एकट्याने बोला, आणि आपल्या चुकीपासून सुरुवात करा.

आई बराच वेळ निखारे सारखे करत बसली. मग म्हणाली, "तू दोन महिन्यांचा होतास तवा मला टायफॉइड झाला हुता. तीन आठवडे तुला चुलतीने पाजलंय."

मी छत्तीस वर्षांचा आहे. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी आईने हेच बायकोला सांगितलं, भाकरी थापता थापता, तिच्याकडे न बघता. माफी वगैरे शब्द आला नाही, आमच्याकडे येतही नाही. बायकोने पुढची भाकरी तव्यावर टाकली. निघायच्या आधी आम्ही तिघं चुलतीकडे गेलो. ती आता थकली आहे, कानाने कमी ऐकू येतं. बायकोने मुलगी तिच्या मांडीवर दिली. मी पाया पडलो तर म्हणाली, "आज काय विशेष?"

शीट मी डिलीट केलेली नाही. त्यात आता मिनिटं नाहीत, फक्त कामं आहेत, सिलेंडर आणि लसीसकट, आणि ज्याला दिसेल त्याने करायचं. अजूनही भांडतो, चेलाडी फाट्यावर तर नक्कीच. ताईला पुढच्या पगारात ते चार दिवस दिले. तिने पैसे मोजले आणि म्हणाली, "दादा, जास्त आलेत." मी म्हटलं, "नाही, मागे कमी आले होते."

उद्या श्लोक १४, अन्न आणि पावसाचा. रामकृष्णहरी.